‘बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद’

परवा भरदुपारी एक काका दुकानात आले. घडी घालून घालून मऊ झालेली चिठ्ठी काउंटरवर पसरली, शुगरच्या गोळ्या मागितल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही नको. चार दिवस झाले बंद करून. काल मोजलं, एकशे अठ्ठावीस! काही होत नाही बघा."

आकडा खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. चिठ्ठीवर होती अ‍ॅम्लोडिपिन. हे औषध रक्तातून निम्मं उतरायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. चौथ्या दिवशीही त्याचा थोडा अंश अंगात असतो आणि तोच रक्तवाहिन्या सैल ठेवत असतो. म्हणजे काकांनी मोजलेलं एकशे अठ्ठावीस काही अंशी गेल्या आठवड्यातल्या गोळीचंच होतं. बीपी हळूहळू वर सरकतं आणि दुखत-खुपत काहीच नाही, त्यामुळे माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायला जात नाही. आठ दिवस गोळी चुकली तरी ठणठणीत, म्हणजे गोळीची गरजच नव्हती, असा हिशेब पक्का होऊन बसतो.

याची उलटी बाजूही रोज दिसते. नवी गोळी सुरू होते, तिसऱ्या दिवशी मोजतात, ‘उतरलं नाही, डॉक्टर बदलतो.’ अ‍ॅम्लोडिपिनचा जोर पूर्ण दिसायला आठवडाभर तरी द्यावा लागतो. आणि सगळ्याच गोळ्या तिच्यासारख्या सावकाश उतरत नाहीत. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकदम तोडली तर नाडी आणि दाब उसळी मारून वर जाऊ शकतात. हृदयाचं दुखणं असलेल्याला ते फार महागात पडतं.

"एकदा लागली की सुटत नाही हो, सवय होते." सवय तंबाखूची होते. तिथे शरीर वाढीव मागतं. इथे शरीर काही मागत नाही, मूळचा दाब तेवढा परत येतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं, तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित गोळी बंदही करतात. मात्र ते टप्प्याटप्प्याने आणि मोजत मोजत. पाय सुजले किंवा कोरडा खोकला लागला तर गोळी बदलून मिळते. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, रामिप्रिल-एनालाप्रिलने खोकला येतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. गिऱ्हाईक मात्र त्यांना न सांगता गुपचूप गोळी सोडून देतं.

किडनीची भीती तर घराघरात आहे. "बीपीच्या गोळीनं किडनी जाते," असं सांगणारी मावशी त्याच वेळी गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकची अख्खी पट्टी मागते. खरं तर वर्षानुवर्षं चढा राहिलेला दाबच किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या मधुमेहींना किडनी जपण्यासाठीही देतात. त्यांच्यासोबत अधूनमधून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं, इतकंच. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन मात्र दाब वाढवतात, किडनीवर ताण आणतात आणि बीपीच्या गोळीचा परिणामही कमी करतात. मावशीला हे दर महिन्याला सांगतो. ती दर महिन्याला मान डोलावते.

मिठाचं बोलायचं तर ‘वरून घेत नाही’ हे उत्तर ठरलेलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि तीही सगळं धरून. पानात वरून मीठ न घेणाऱ्याच्या ताटात लोणचं, पापड, ठेचा, संध्याकाळी फरसाण आणि कोकणातलं पाहुणं आलं की सुकट असते. सैंधव चालतं, हा समज तर सुशिक्षितांचा खास. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात थोडं पोटॅशियम असतं. त्याचा पुष्कळांना फायदा होतो, पण किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. लसणाच्या पाकळीबद्दल एवढंच: भाजीत खुशाल घाला, चिठ्ठीच्या जागी नको.

आणि ‘वय अधिक शंभर’! सत्तरीच्या आजोबांना एकशे सत्तर चालतं म्हणे. २००८ साली ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांवरच्या ‘हायव्हेट’ चाचणीचे निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्या गटात मृत्यू इतके कमी दिसले, की ती चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. अगदी थकलेल्या किंवा उठताना चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं उद्दिष्ट डॉक्टर थोडं सैल ठेवतात, पण ते त्या माणसाकडे पाहून. वयात शंभर मिळवून नव्हे.

मोजण्याबाबत मात्र मी हटून बसतो. रस्ता ओलांडून, धापा टाकत आलेल्या माणसाचं लगेच मोजायचं नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, पट्टा बाहीवर नाही तर उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा, बिडी, मिश्री काही नको, लघवी तुंबलेली नको आणि मोजताना सुनेची तक्रार तर अजिबात नको, नुसत्या बोलण्यानेही आकडा वाढतो. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा. पहिला आकडा बहुधा जास्त येतो. दवाखान्यात १४०/९० ही रेघ, घरी १३५/८५. एका आकड्याने घाबरायचं नाही आणि एका आकड्याने गोळीही सोडायची नाही.

पैशाचं कारण खरं असतं, तिथे उपदेश चालत नाही. २०१७च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत आमचा सातारा होता. आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात. माझं गिऱ्हाईक तुटतं, तरी मी पत्ता सांगतो.

काकांनाही सांगितला. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "बरं, दहाच द्या," म्हणाले, "आणि ते मशीन काढा, इथंच बसतो पाच मिनिटं."