घाटावरचे वाचक काय म्हणतात

मेहकरहून खामगावकडे जाताना जानेफळ लागतं. बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बी-बियाणं, फवारणीची औषधं, कापडचोपड घ्यायला इथे येतात. बुलडाणा जिल्ह्याचे आम्ही दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. जानेफळ घाटावरचं. इकडे पुस्तकं वाचतं का कुणी, असं शहरातले स्नेही विचारतात. वाचतात. शाळेतले गुरुजी वाचतात, कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेला मालक वाचतो, बचत गटातल्या बाया वाचतात, स्पर्धा परीक्षा देऊन परत आलेली पोरं तर खूपच वाचतात. पण वाचून झाल्यावर ही माणसं जे बोलतात ते कुठेही उतरवून घेतलं जात नाही. मराठीत पुस्तकावरचं मत म्हणून छापलं जातं ते बहुतेक प्राध्यापकाचं नाहीतर दुसऱ्या लेखकाचं. दिवसभर सोयाबीन सोंगून रात्री कादंबरी संपवणाऱ्याचं मत ओट्यावर निघतं आणि ओट्यावरच विरतं. मेहकर, जानेफळ, चिखली या पट्ट्यातल्या वाचकांकडून ऐकलेली अशी काही मतं इथे मांडतो. नावं मुद्दाम देत नाही. माणसं मोकळी बोलली ती छापून येण्यासाठी नव्हे.

सुरुवात करावी लागते ती दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथापासून. शेगाव आमच्याच जिल्ह्यात, आणि या ग्रंथाचे एकवीस अध्याय इथल्या घराघरांत वाचले जातात. ‘कसा वाटला’ हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. पारायण झालं की नाही एवढंच विचारतात. पण मला या पारायणाचं महत्त्व वाचनाच्या अंगानंही वाटतं. मोठ्यानं वाचायचं, एकही ओवी गाळायची नाही, ऐकणाऱ्यालाही कळेल अशा बेतानं वाचायचं, ही सवय त्यातून लागते. इकडच्या कितीतरी बायांनी पुढे कादंबऱ्या वाचल्या त्याही अशाच, एकीनं वाचायचं आणि चौघींनी ऐकायचं. आणि चौघी ऐकत असल्या की पान संपण्याआधीच मत तयार होतं.

या भागातल्या वाचकांना जे पुस्तक सगळ्यांत जास्त बोलतं करतं ते सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’. देशमुख चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. कादंबरी २००२ साली आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. एकनाथ शिकलेला, शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत, म्हणून बापाच्या शेतीत अडकलेला. त्याची बायको अलका, नोकरीवाला नवरा मिळेल या आशेनं आलेली आणि अखेर माहेरी निघून गेलेली. समीक्षकांनी या कादंबरीला शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी म्हटलं. इथले वाचक तसं म्हणत नाहीत. ते तिचा हिशेब तपासतात. एका शेतकऱ्यानं मला खत, बियाणं, मजुरी, व्याज यांचे कादंबरीतले प्रसंग ओळीनं सांगितले आणि म्हणाला, “सर, यात काही खोटं नाई. मांडणी बरोबर हाये.” पुस्तकाबद्दल यापेक्षा मोठी पावती मी ऐकलेली नाही.

अलकेवरून मात्र वाद होतो, आणि तो ऐकण्यासारखा असतो. पुरुष वाचक तिला सरळ दोषी धरतात: घर पडत्या काळात सोडून गेली. बाया तसं म्हणत नाहीत. बचत गटाच्या बैठकीनंतर याच पुस्तकावर बोलणं निघालं तेव्हा एक काकू म्हणाल्या, “ती गेली म्हून वाईट. अन् तिले फसवून आणलं ते?” दुसरी म्हणाली, एकनाथाच्या मनात काय चाललं ते पानोपान कळतं, अलकेच्या मनातलं तेवढं कळत नाही. हा आक्षेप मला पूर्ण रास्त वाटतो. कादंबरी मोठी आहे म्हणूनच तिच्यावर घेता येतो. विद्यापीठातल्या चर्चासत्रात हा मुद्दा निघाला असता तर त्यावर निबंध झाला असता.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० सालची. वऱ्हाडी बोली कादंबरीत इतक्या पूर्णपणे आणणारं पुस्तक त्याआधी नव्हतं असं मी मानतो. त्यातली कौतिक बायांना ओळखीची वाटते, इतकी की काही जणींना ती वाचवत नाही. एक ताई निम्म्यावर पुस्तक ठेवून म्हणाल्या, “मले पुढचं माहीत हाये.” न संपवलेल्या पुस्तकाबद्दलचं हेही मतच. परीक्षणात त्याला जागा नसते; माझ्या मते असायला हवी.

तरुण पोरं बोलतात ती ‘कोसला’वर. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो आणि हातात काही न घेता गावी परततो. आमच्याकडची मुलं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातात, खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी यांत बापाचं पीक घालतात, आणि वयाची अट जवळ आली की परत येतात. त्यांना पांडुरंग आपला वाटेल अशी माझी अटकळ होती. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग त्यांनाही हलवून सोडतो. पण त्यांतल्या एकानं ठामपणे सांगितलं, “त्याचा बाप पैसेवाला होता हो. त्याले उदास व्हायला परवडत होतं.” साठ वर्षांत ‘कोसला’वर पुष्कळ लिहिलं गेलं. अस्तित्ववादापासून शैलीपर्यंत सगळं झालं. तरी जमीन किती आणि परतल्यावर खाणार काय, हा प्रश्न घेऊन वाचणाऱ्याला ती वेगळी दिसते, आणि त्याचं दिसणं चूक नाही.

‘मृत्युंजय’ची गोष्ट निराळी. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ पासून गावोगावच्या वाचनालयांत सतत फिरते आहे. एका वाचनालयातली तिची प्रत मी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर ब्रशनं लिहिलेला दाखल क्रमांक, मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची गर्दी. कुंती बाळाला नदीत सोडते त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पाप कोणाचं?’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘सूर्याचं’. आणखी खाली निळ्या शाईत, ‘समाजाचं’. तीन माणसं, बहुधा वेगवेगळ्या वर्षांची, एकमेकांना कधी न भेटलेली. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरंच, पण ही तीन उत्तरं खोडायला माझा हात धजणार नाही. कादंबरीची भाषा अलंकारांनी जड झाली आहे असं मला वाटतं. इथल्या वाचकांना तो जडपणा जाणवत नाही, कारण कीर्तन ऐकलेल्या कानाला तो ओळखीचा आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, ही रचना मात्र सगळ्यांना आवडते. प्रत्येकाला बोलू दिलं, असं ते म्हणतात.

सिंदखेडराजा जिल्ह्यातच असल्यानं शिवकाळावरची पुस्तकं इथे न वाचणारं घर विरळा. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवात पुस्तकांची दुकानं लागतात आणि लोक पिशव्या भरून नेतात; नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी दिसतं तेच दृश्य. या दोन्ही ठिकाणी वाचकाचं मत खिशातून बाहेर येतं. कादंबरीइतकीच, किंबहुना जास्त, तिथे वैचारिक पुस्तकं जातात. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’बद्दल इथल्या जाणत्या वाचकांचं एक मत वारंवार ऐकलं: कादंबरी चांगली, पण सुरुवातीची प्रस्तावना तिच्याहून चांगली. ती प्रस्तावना म्हणजे नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र. शिवाजीकडे कसं पाहावं हे एक वाचक एका लेखकाला सांगतो, आणि लेखक ते पत्र आपल्याच पुस्तकाच्या तोंडाशी छापतो. वाचकाच्या मताला मराठीत मिळालेला याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

कथा-कादंबरी एका बाजूला आणि चरित्र, आत्मकथन दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी ग्रंथपालाच्या कपाटात असते. वाचकाच्या मनात ती फारशी नसते. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीनं काढलं. ते अनेकांनी कादंबरीसारखं एका बैठकीत वाचलं, आणि ‘झाडाझडती’ ही कादंबरी मात्र दस्तऐवज म्हणून. विश्वास पाटलांच्या या पुस्तकाचा विषय धरणग्रस्तांचा. मेहकर तालुक्यात पैनगंगेवर पेनटाकळीचं धरण आहे. जमीन गेलेल्या घरांतले वाचक त्यातली मोबदल्याची, सरकारी कागदांची, कचेरीतल्या खेपांची पानं पुन्हा पुन्हा वाचतात. शहरातला वाचक बहुधा तीच पानं भराभर उलटतो.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) शाळांच्या बक्षिसांतून घरोघर पोचलं. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला मुलगा तिथल्याच टस्कीगीला जातो आणि कापसानं निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी, चवळी घ्यायला शेतकऱ्यांना शिकवतो, ही गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. घोड्यांच्या गाडीतून फिरणारी त्याची शेतीशाळा १९०६ मध्ये सुरू झाली. ‘आपल्या कृषी सहायकाले वाचायला द्या हे,’ असं कृषी केंद्र चालवणारे एक वाचक म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “शेंगदाण्याच्या इतक्या वस्तू निघाल्या, तर शेतकऱ्याच्या हाती किती आलं?” आमच्याकडे कापसाची जागा सोयाबीननं घेतली. सोयाबीनही मुळांत नत्र धरणारं पीक, म्हणजे कार्व्हरचा सल्ला आम्ही नकळत पाळलाच. भावाचं कोडं सुटलं नाही. प्रेरणा देणाऱ्या पुस्तकाला असा प्रश्न विचारणारा वाचक मला त्या पुस्तकाचा खरा चाहता वाटतो.

कवितेबद्दल थोडक्यात. ना. घ. देशपांडे मेहकरला राहिले, वकिली केली, आणि ‘खूणगाठ’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. जी. एन. जोशींनी गायलेली त्यांची ‘शीळ’ मराठी भावगीताच्या आरंभीची. तरी त्यांच्याच तालुक्यात त्यांचे संग्रह सहज हाती लागत नाहीत, हे मला फार लागतं. याच तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला २०१७ मध्ये साहित्य संमेलन जाहीर झालं, वाद उसळला, आश्रमानं माघार घेतली आणि २०१८ चं संमेलन बडोद्याला भरलं. त्या वादात दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. इथला वाचक काय वाचतो, त्याला काय हवं, यावर बोलणं झालंच नाही.

वाचकांचं बोलणं लिहून घेण्याचं काम एका शिक्षकानं मात्र फार पूर्वी केलं होतं. सायबेरियाच्या अल्ताई भागात ‘मे महिन्याची सकाळ’ अशा अर्थाचं नाव असलेल्या एका शेतकरी कम्यूनमध्ये अद्रियान तोपोरोव नावाचा शिक्षक होता. १९२० च्या दशकात तो संध्याकाळी शेतकऱ्यांना जमवून टॉलस्टॉय, पुश्किन आणि त्या काळचे नवे लेखक मोठ्यानं वाचून दाखवी, आणि ते जे बोलत ते त्यांच्याच बोलीत लिहून घेई. १९३० साली त्याचं पुस्तक झालं: ‘शेतकरी लेखकांविषयी’. नावाजलेल्या लेखकांनाही त्यात सूट नव्हती. पुढे १९३७ मध्ये तोपोरोवला अटक झाली, पण पुस्तक टिकलं. पारायणाच्या आमच्या प्रदेशात वाचून दाखवायची आणि ऐकायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. लिहून घेणारा तेवढा कमी पडतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगाव वाचनालयं उभी राहिली, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळालं. देवघेवीच्या नोंदवहीत पुस्तक केव्हा गेलं आणि केव्हा आलं एवढं लिहिलं जातं. कसं वाटलं, यासाठी शेजारी एक रकाना आखायला शासनाचा आदेश लागत नाही.

वाचकांना काय हवं आहे, तेही विचारलं. समृद्धी महामार्ग आमच्या शेतांतून गेला. मोबदल्याचा पैसा घरात आल्यावर भावाभावांत काय झालं यावर कादंबरी हवी, असं अनेकांनी सांगितलं. लोणारचं सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा पोरांनी शंभर प्रश्न विचारले; आठवीच्या मुलाला कळेल असं लोणारवरचं पुस्तक एका गुरुजींना हवं आहे. आणि बचत गटातल्या त्या काकूंची मागणी सगळ्यांत नेमकी आहे. ‘मृत्युंजय’मध्ये वृषाली बोलते, तशी ‘बारोमास’मधली अलका बोलली पाहिजे: माहेरी गेल्यावर तिचं काय झालं, भावजयीनं कसं ठेवलं, परत यावंसं वाटलं का. अमडापूर काही लांब नाही, तुम्ही जाऊन सांगा, असं त्यांनी मला बजावलं आहे. सदानंद देशमुखांच्या हाती हा अंक पडला, तर मागणी पोचली असं समजतो.