दुवा आणि दवा

वेरूळची लेणी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. परंतु वाटेवरील खुलताबादेस औरंगजेबाच्या कबरीपलीकडे काही पाहणारे थोडे. दुःखितांचे ऐकून घेणाऱ्यांची एक जुनी परंपरा त्या गावी नांदत आहे.

इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीकरांस दौलताबादेस आणिले. घरदार व पूर्वजांच्या कबरी मागे टाकून आलेल्या त्या लोकांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हेही आले. उखडलेल्या त्या समाजास त्यांच्या खानकाहाचा आधार झाला. त्यांची संभाषणे शिष्यांनी फारसीत टिपून ठेविली आहेत, व त्यांचा दर्गा खुलताबादेस आहे.

भयंकर प्रसंगातून वाचलेल्या मनुष्यास झोप लागत नाही. जरा खुट्ट झाले की तो दचकतो. तोच देखावा पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. घरचे म्हणतात, बाधा झाली. डॉक्टरकडे नेण्याची लाज वाटते, दर्ग्यात नेण्याची वाटत नाही. म्हणून असले दुःख पुष्कळदा प्रथम मुजावराच्याच कानी पडते.

परंतु नुसत्या श्रद्धेवर विसंबणे किती घातक, हेही सांगितले पाहिजे. तमिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण मृत्यू पावले. २०१७ च्या कायद्याने रुग्णास असे जखडणे निषिद्ध ठरविले आहे.

याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ साली ‘दवा-दुवा’ उपक्रम निघाला. प्रथम मुजावरांस डॉक्टरांविषयी संशय होता. पुढे रुग्णाची लक्षणे ओळखून त्यास दर्ग्यातीलच दवाखान्यात पाठविण्यास ते शिकले. दुवा सुटली नाही, आणि दवाही मिळू लागली. खुलताबादेसारख्या प्रत्येक स्थानी असे व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

ऐकण्याचे मोल आपणांस अपरिचित नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचा विषाद चालला असता भगवान एका वाक्यापलीकडे बोलत नाहीत. उपदेश मागाहून येतो. आमच्या घरांत मात्र विधवा आत्या किंवा अपघातातून वाचलेला मुलगा दोन शब्द बोलू लागला, की ‘झाले ते विसर’ म्हणून आपण त्याचे तोंड बंद करितो! आधी ऐकावे, आणि दुःख आवरेनासे दिसताच वैद्यकीय साहाय्य घ्यावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर ते विनामूल्य मिळते; त्यात कमीपणा नाही.