सोपवणे म्हणजे नेमके काय?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली तरी पिकाला देण्याजोगे गोडे पाणी लागत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांच्या मोठ्या भागात कपाशी आणि तूर पावसाच्या भरवशावरच पेरावी लागते. अशा मुलखातल्या चर्चमध्ये ‘सारे प्रभूच्या हाती सोपवा’ असा उपदेश होतो, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा हा प्रश्न पेरणीचा, कर्जाचा आणि औषधपाण्याचाही होतो. माझे म्हणणे असे की ख्रिस्ती माणसाने समर्पणात प्रयत्न सोडायचा नसतो. फळ अमुकच रूपात आणि अमुकच वाटेने मिळाले पाहिजे, हा हट्ट सोडायचा असतो. हा अर्थ सोयीसाठी काढलेला नाही. विश्वासावर जगण्याचा प्रयोग वऱ्हाडात आणि महाराष्ट्रात प्रत्यक्ष झाला आहे, आणि त्याची फळे व चुका दोन्ही आपल्यासमोर आहेत.

1870च्या दशकात आल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, कोरकू लोकांमध्ये काम करू लागले. ठरलेला पगार देणारे मंडळ त्यांच्या पाठीशी नव्हते. देव गरज भागवील या भरवशावर ते आले होते. त्यांच्या कामात आलेल्या जेनी फ्रो पुढे मार्कस फुलर यांच्याशी विवाह करून अकोल्यात स्थिरावल्या, आणि हे काम ए. बी. सिम्पसन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सशी जोडले गेले. भारतीय स्त्रीच्या दुःस्थितीवर जेनी फुलर यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. त्याच सुमारास, 1899-1900 च्या दुष्काळात, कापसाच्या पैशावर सुखी समजला जाणारा वऱ्हाड पार कोलमडला. अलायन्सने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथालये चालवली. शेकडो पोरांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय नुसत्या प्रार्थनेने होत नाही. धान्य मिळवावे लागते, साठवावे लागते, आजाऱ्यांना वेगळे ठेवावे लागते. प्रार्थना करणाऱ्यांनीच ही सारी कामे केली.

या साऱ्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रमाबाईंच्या कामात मिळतो. 1887 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कामाला दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपत आली असताना मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हातात बेगमी नसताना 1896-97 मध्ये रमाबाईंनी तिथून सुमारे 300 मुली आणि बायका आणल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कोणापुढे हात न पसरता अनाथालये चालवली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. म्हणून केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधली माणसे देवाकडे बघत बसून राहिली, असे मात्र झाले नाही. तिथे विहिरी खणल्या गेल्या, फळबाग लागली, हातमाग आले, छापखाना आला. पुढच्या दुष्काळानंतर मुक्ती मिशनमधल्या स्त्रिया आणि मुलींची संख्या 2000च्या घरात गेली. पाणी देव देईल असे मानणाऱ्या बाईने विहिरी खणून घेतल्या, यात मला विसंगती दिसत नाही. खणणे आपल्या हातचे, झरा लागणे नव्हे; रमाबाईंनी या दोन गोष्टींची गल्लत केली नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. पैसा शेवटी माणसांनीच पाठवला. अमेरिकेतल्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईने पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या डॉलरला ‘देवाची तरतूद’ म्हटले की त्या बाईचे श्रम नाहीसे होत नाहीत का? होऊ शकतात, आणि अनेक साक्षींमध्ये तसे होतेही. पण म्यूलर दरवर्षी जमाखर्च छापत असत, रमाबाईही ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रातून दात्यांना कामाचा वृत्तान्त कळवत. देवावर विसंबणारा माणूस हिशेबाला अधिक बांधलेला असतो, कारण हाती आलेले त्याच्या मालकीचे नसते. ज्या मंडळीत विश्वासाचे नाव घेऊन हिशेब विचारू दिला जात नाही, तिथे समर्पण नाही, एवढे बेधडक म्हणता येईल.

दुसरा आक्षेप औषधाचा, आणि तो अधिक बोचरा आहे. सिम्पसन यांच्या शिकवणीत प्रार्थनेने आजार बरा होण्याला मोठे स्थान होते. त्या विचारांच्या प्रभावाखाली 1890 मध्ये अमेरिकेतून सिएरा लिओनला गेलेल्या एका तुकडीतल्या मिशनऱ्यांनी कुनैन घेण्याचे नाकारले आणि त्यांच्यातले काही जण तापाने गेले. ही विश्वासाची परिसीमा होती, असे म्हणणारे आजही भेटतात. मला तसे वाटत नाही. देवाने बरे करावे, पण गोळीतून नव्हे, अशी अट त्यांनी घातली होती. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असे सैतान म्हणाला तेव्हा येशूने नकार दिला. देवाची परीक्षा पाहणे त्याने विश्वासात धरले नाही. वऱ्हाडाने या बाबतीत शहाणपण दाखवले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांचे रुग्णालय उभे राहिले, पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीमला नाझरेन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय झाले. तिथे प्रार्थना आणि मलमपट्टी दोन्ही होत आल्या.

तिसरा आक्षेप असा की एकाच्या समर्पणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते; त्याला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, ठरलेले वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलेल्या या कवीची शरणागती अस्सल होती, यात शंका नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या दानशूरपणाची झळ घराला किती बसत होती, हे पानोपानी कळते. ते खिसा रिकामा करून येत आणि चूल कशी पेटवायची ही चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. दुष्काळात आणलेल्या अनाथांच्या बाप्तिस्म्याबद्दलही हेच विचारावे लागते: ज्या पोराला जायला दुसरे घर नाही, त्याचा होकार कितपत मोकळा? मुले वाचली हे मोठेच, पण त्याने हा प्रश्न मिटत नाही. स्वतःचे आयुष्य देवाला देता येते, दुसऱ्याचे नाही. विश्वासवीरांच्या चरित्रांत ही बाजू फार थोडी येते. लक्ष्मीबाईंनी ती लिहून ठेवली, म्हणून त्यांचे पुस्तक मला ख्रिस्ती साधनेचाही महत्त्वाचा ग्रंथ वाटते.

एकाच्या सोपवण्याची झळ घराला बसते, हा मुद्दा आजच्या वऱ्हाडात जीवघेणा ठरतो. 2006 मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. शेतकरी आत्महत्यांची बातमी या जिल्ह्यांना आजही नवी नाही. इथला कर्जबाजारी माणूस, कोणत्याही धर्माचा असो, बोजा एकट्याने वाहतो आणि विचारले की ‘देव पाहून घेईल’ म्हणतो. हे वाक्य श्रद्धेचे असू शकते, आणि तोंड बंद ठेवण्याचे साधनही असू शकते. गेथशेमाने बागेत येशूने पित्याच्या इच्छेला मान तुकवली खरी, पण त्याआधी आपला जीव घाबरा झाल्याचे मित्रांना सांगितले, त्यांना सोबत जागायला विनवले, आणि हा प्याला टळावा असेही स्पष्ट मागितले. म्हणून कर्जासाठी प्रार्थनेची विनंती आली तर पाळकाने डोक्यावर हात ठेवावाच, पण मग बसून एकूण आकडा विचारावा, बँकेची नोटीस वाचावी, पीकविम्याचा अर्ज भरला का ते पाहावे, सावकाराकडे जाताना मंडळीतले दोघे सोबत द्यावेत. आणि हे सारे करताना त्या शेतकऱ्याच्या बायकोला शेजारी बसवावे, कारण तिच्या घरावर किती कर्ज आहे हे तिला कळण्याआधी कोणी ते देवाच्या हाती सोपवू नये.