शाळा आणि गाव

मुलांनो, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. मुंबईच्या बंदरातील घारापुरी हे असेच एक बेट. लेण्यांमुळे त्याचे नाव जगभर झाले. परंतु तेथे माणसेही राहतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या त्या बेटावर आहेत. मुंबईचे दिवे तेथून डोळ्यांना दिसतात. पण समुद्राच्या तळातून तार टाकून बेटावर कायमची वीज पोहोचण्यास २०१८ साल उजाडावे लागले. अशा ठिकाणी खडू असो, पुस्तके असोत की औषध असो, सारे होडीने यावयाचे. आणि दर्या खवळला म्हणजे तेही थांबावयाचे.

आता समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत या. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचे गाव आहे. येथे कोठेही समुद्र नाही. तरीही बेटावर राहणे म्हणजे काय, हे आमच्या भागातील मुलांना पूर्वी वेगळे सांगावे लागत नसे. येथील जमीन काळी आणि चिकट. मृगाचा पाऊस पडला की वाटा चिखलाने भरत, ओढे दुथडी वाहत आणि लहान वाड्यावस्त्या दोन-दोन दिवस जगापासून तुटून जात. मग शाळेचे दार उघडावयाचे, गळके छप्पर झाकावयाचे, भिजलेल्या मुलांना कोरड्यात बसवावयाचे, ही कामे कोण करणार? जे जवळ असतील तेच. म्हणजे गुरुजी, मुले आणि गावकरी. लहान शाळेला गावावाचून आधार नसतो, तो असा.

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. इ. स. १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण पुढे समर्थ म्हणून प्रसिद्ध झाला. रामनवमीला येथे उत्सव होतो. कोणत्याही गावचा उत्सव पाहा. कोणी पाणी भरतो, कोणी मांडव घालतो, कोणी पंगतीत वाढतो. ‘हे काम कोणाचे?’ असे कोणी विचारीत नाही. कारण उत्सव सर्वांचा असतो. परंतु शाळेची भिंत खचली म्हणजे पुष्कळ ठिकाणी लोक म्हणतात, ‘शाळा सरकारची आहे, सरकार पाहून घेईल.’ उत्सव आपला आणि शाळा तेवढी परक्याची, असे का व्हावे?

शाळा आपली मानली तर काय घडते, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दाखवून दिले. त्यांनी १९१९ साली कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९२४ मध्ये सातारा येथे त्यांनी वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. वसतिगृह चालविताना पैशाची फार ओढाताण होई. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिनेही मोडले.

परंतु दागिने एकदाच मोडता येतात. मुले मात्र रोज जेवतात. म्हणून भाऊरावांनी मुष्टिफंडाची रीत अंगीकारली. घरातील बाईने दळण घेताना मूठभर धान्य शाळेच्या नावाने बाजूला ठेवावयाचे, एवढीच ती रीत. मूठभर धान्याने काय होणार, असे तुम्हांला वाटेल. आपण हिशेब करू. एक मूठ साधारण ५० ग्रॅमची धरा. गावात १०० घरे आहेत असे समजा. तर एका दिवसाला ५ किलो आणि ३० दिवसांत १५० किलो, म्हणजे दीड क्विंटल धान्य जमते! कोणाच्याही घरात उणे पडत नाही आणि शाळेची कोठी भरते. शिवाय जिने मूठ दिली, तिला ती शाळा आपली वाटू लागते. हा लाभ धान्याहून मोठा होय.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे. दुष्काळाने हे गाव मोडकळीस आले होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावकऱ्यांनी श्रमदानास आरंभ केला. शाळेसाठीही त्यांनी आपले श्रम वेचले. पुढे गावाने पाऊस व भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाणी किती आहे हे पाहून कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरते. ज्या गावाला बेरीज-वजाबाकीचे मोल कळले, त्या गावाला शाळेचे मोल निराळे समजावून द्यावे लागत नाही.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी गोदाकाठच्या एका लहानशा शाळेत मुख्याध्यापक होतो. मुलांना कामाची सवय लागावी म्हणून मी रोज सकाळी शाळा झाडून घेत असे. एके दिवशी एक माउली दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, “गुर्जी, म्या पोरीला शिकाया धाडलं का झाडाया? झाडू तर माह्या घरी बी हाय.” मला प्रथम राग आला. पण मी नीट पाहिले तेव्हा माझे डोळे उघडले. झाडू रोज त्याच चार-पाच मुलींच्या हाती असे. मुलगे अंगणात खेळत आणि मी खुर्चीवर बसून हजेरी घेत असे! मी ज्याला संस्कार म्हणत होतो, तो त्या मुलींवरचा अन्याय होता.

दुसऱ्या दिवसापासून मी पाळ्या लावल्या. मुलगे असोत की मुली, कोणालाही सूट नव्हती. शनिवारची पाळी माझी होती. पहिल्या शनिवारी मला झाडताना पाहून मुले हसली. पुढे हसेनाशी झाली. त्याबरोबरच मी मनाशी ठरविले, की ज्या कामातून मूल काही शिकेल, असे काम आपण त्याला दिले पाहिजे.

म्हणून आम्ही पाऊस मोजू लागलो. त्याची कृती सोपी आहे. सपाट तळाचे व सरळ उभ्या बाजूंचे भांडे झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावे. रोज ठरावीक वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी, ती वहीत लिहावी आणि भांडे रिकामे करावे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे बरोबर १ लिटर पाणी जमते. मग ६० चौरस मीटरांच्या छपरावर २५ मिलिमीटर पावसाचे किती पाणी पडेल? १,५०० लिटर! एक हेक्टर शेतावर तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी होय.

मुले रोजचा आकडा मारुतीच्या देवळाजवळील फळ्यावर लिहीत. आरंभी त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. एके दिवशी ज्या मुलाची पाळी होती, त्याने भांडे न पाहताच शून्य लिहून टाकले. दुपारी एक वृद्ध शेतकरी काठी टेकीत शाळेत आले आणि म्हणाले, “रात्री पाऊस झाला अन् फळ्यावर पूज्य कसं?” मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मला मात्र मनातून आनंद झाला. गाव फळा वाचीत होते! मुलाने चूक कबूल केली. भांडे अजून रिकामे केलेले नव्हते. त्यातील पाणी मोजून त्याने फळ्यावर खरा आकडा लिहिला. खोट्या आकड्यावर विसंबून एखाद्याने पेरणी केली तर बियाणे वाया जाईल, हे त्या दिवशी साऱ्या वर्गाला कळले. त्यानंतर शेतकरी पेरणीच्या सुमारास शाळेत येऊ लागले. येता येता त्यांना आमचे गळके छप्परही दिसले. पुढील पावसाळ्यापूर्वी त्यांनीच पत्रे आणून ते दुरुस्त केले. आम्ही त्यांच्याकडे मागणी केली नव्हती.

आज कायद्यानेही गावाला शाळेत स्थान दिले आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. माझ्या दारात आलेल्या माउलीसारख्या स्त्रियांना आता दारात उभे राहण्याचे कारण नाही. समितीच्या बैठकीत त्यांची जागा राखलेली आहे. परंतु कायदा जागा देतो. त्या जागेवर येऊन बसावयाचे ते आपण. बांधकाम, शिक्षक व पुस्तके पुरविण्याचे सरकारचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. उलट, जागे गावच त्या कर्तव्याची आठवण करून देऊ शकते.

मुलांनो, बेटाला मुख्य भूमीशी जोडावयाचे तर होडी लागते. शाळेला गावाशी जोडणारी होडी म्हणजे तुम्हीच. तुम्ही शाळेत शिकलेले घरी सांगता आणि घरचे प्रश्न शाळेत आणता. तुमच्या गावात किती पाऊस पडतो, विहिरी किती उरल्या, कोणती झाडे तोडली गेली, हे मोजून पाहा. विहिरीपाशी मात्र वडील माणसांना बरोबर घ्या. जे मोजाल ते खरे लिहा आणि गावाला दिसेल अशा ठिकाणी लिहा. कोणी तरी ते वाचावयास थांबेल, आणि तेथूनच शाळेकडे येणारी वाट सुरू होईल.