डुकराची अँटिबॉडी डुकराचीच का हवी? फेज डिस्प्लेची गोष्ट

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले आणि 'स्वाइन फ्लू' हे नाव घरोघरी पोचलं. नावामुळे डुकरांची फुकट बदनामी झाली, कारण तो विषाणू पसरत होता माणसाकडून माणसाकडे. पण नाव अगदीच खोटंही नव्हतं. त्या एच१एन१ विषाणूची जनुकं डुकरांमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या फ्लूच्या विषाणूंमधून आली होती. माणसाला होणारा फ्लू डुकराला होतो, डुकराचा कधीकधी माणसाला होतो. शिवाय डुकराचं फुप्फुस आकाराने आणि रचनेने आपल्या फुप्फुसाच्या बरंच जवळचं. उंदराला माणसाचा फ्लू द्यायचा तर बहुतेक वेळा आधी विषाणूलाच उंदराची सवय लावावी लागते. डुकराच्या बाबतीत ही खटपट नाही. म्हणून फ्लूवरचं औषध माणसाला द्यायच्या आधी डुकरात तपासावं, हा विचार सरळ आहे.

आता गाडी कुठे अडते ते बघा. समजा तुमच्याकडे फ्लूविरुद्धची एक उत्तम मानवी मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे आणि ती तुम्ही डुकराला टोचली. एफआय६ नावाच्या अशाच एका मानवी अँटिबॉडीवर डुकरांमध्ये काम झालं आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात लक्षात आलं की मानवी आयजीजी१ डुकराच्या पेशींवरच्या एफसी रिसेप्टरला धरतच नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. अँटिबॉडी वाय आकाराची असते. वरचे दोन हात विषाणूला पकडतात. खालचा दांडा, म्हणजे एफसी, पांढऱ्या पेशींना 'इकडे या, याला संपवा' म्हणून बोलावतो. एफआय६ ज्या भागाला चिकटते तो हिमॅग्लुटिनिनचा खोडाचा भाग. उंदरांवरच्या प्रयोगांतून आपल्याला माहीत आहे की खोडाला चिकटणाऱ्या अँटिबॉडींचं बरंचसं काम या दांड्यावर अवलंबून असतं. म्हणजे डुकरात तुम्ही औषध तपासलंत, पण त्याचा निम्मा कारभार बंद ठेवून. निकाल कमी-जास्त आला तर दोष औषधाचा की दांड्याचा, ते सांगणार कसं? त्यात भर म्हणजे परक्या प्राण्याचं प्रथिन म्हणून डुकराचं शरीर त्या अँटिबॉडीविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं. मग दुसरा-तिसरा डोस वाया.

म्हणून डुकराचीच मोनोक्लोनल अँटिबॉडी हवी. पण आधी एक गोष्ट सांगून टाकतो. तुम्हाला फक्त निदानाचं किट करायचं असेल तर उंदराची मोनोक्लोनल पुरते. या वाटेला जाऊ नका, पैसा आणि वर्षं दोन्ही वाचतील. डुकराची अँटिबॉडी लागते ती डुकराच्या शरीरात काय घडतं हे पाहायचं असेल तेव्हा, किंवा लसीला डुक्कर नेमकं कुठल्या ठिकाणी प्रतिसाद देतं हे शोधायचं असेल तेव्हा.

'मग हायब्रिडोमा करा की' असं कोणीतरी म्हणतंच. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवलेली ही पद्धत: अँटिबॉडी बनवणारी बी पेशी आणि न थांबता वाढणारी मायलोमा पेशी यांचा संकर. उंदरासाठी फार छान. डुकरासाठी मात्र चांगली मायलोमा पेशी हाताशी नाही, म्हणून डुकराची बी पेशी उंदराच्या मायलोमाशी जोडावी लागते. अशा मिश्र पेशी पिढीगणिक डुकराची गुणसूत्रं टाकून देतात आणि त्यांच्याबरोबर अँटिबॉडीचं जनुकही जातं. लोकांनी चिकाटीने या वाटेनेही डुकराच्या अँटिबॉडी मिळवल्या आहेत, पण मेहनत फार.

फेज डिस्प्ले पेशीच्या भानगडीत पडतच नाही, तो थेट जनुकं उचलतो. १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी दाखवलं की जिवाणूला लागण करणाऱ्या तंतूसारख्या फेज विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाला दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडता येतो आणि तो फेजच्या अंगावर दिसतो. १९९० मध्ये ग्रेग विंटर यांच्या गटाने तसाच अँटिबॉडीचा तुकडा फेजवर चढवला. दोघांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. डोक्यात चित्र असं ठेवा: फराळाचे कोट्यवधी डबे आहेत, प्रत्येक डब्याच्या झाकणावर एक पदार्थ चिकटवलेला आणि आत त्याच पदार्थाची कृती लिहिलेली चिठ्ठी. तुम्ही चव बघून डबा निवडायचा. कृती आपोआप हातात येते. बाहेर प्रथिन, आत त्याचं जनुक, दोन्ही एकाच कणात. फेज डिस्प्लेची सगळी ताकद या एका जोडणीत आहे.

आता डुकराकडे वळू, कारण इथे खरी मजा आहे. डुकराची भ्रूणवार अशी असते की आईच्या अँटिबॉडी गर्भात पोचत नाहीत. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात अँटिबॉडी जवळपास नसतातच. पहिल्या दिवसभरात आईचा चीक (ज्याचा आपण गाईच्या बाबतीत खरवस करतो) पोटात गेला तरच संरक्षण, कारण त्यानंतर आतड्याचं दार बंद होतं. म्हणून नवजात पिल्लू म्हणजे कोरी पाटी. आयोवा विद्यापीठात जॉन बटलर यांनी जंतुमुक्त वाढवलेल्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून डुकराची अँटिबॉडी-जनुकं कशी वापरली जातात ते मांडलं. त्यातून कळलेली कामाची गोष्ट ही, की डुकराची जड साखळी बनवायला वापरली जाणारी व्हीएच जनुकं एकाच कुटुंबातली, एकमेकांसारखी दिसणारी आहेत, आणि जेएच जनुक तर काम करणारं एकच आहे.

हे ऐकून पीसीआर केलेल्या माणसाचा चेहरा खुलायला हवा. माणसाची लायब्ररी करताना जड साखळीसाठी प्रायमरचा मोठा संच लागतो, आणि कुठलं तरी कुटुंब नीट वाढतच नाही अशी रुखरुख राहते. डुकरात मागच्या बाजूला एक प्रायमर आणि पुढच्या बाजूला अगदी मोजके, इतक्यावर जड साखळ्यांचा बहुतांश साठा हाती येतो. पण यावरून 'डुकरात विविधता कमी' असा निष्कर्ष काढू नका, मुलाखतीत हा प्रश्न हमखास अडकवतो. चौकट सारखी असली तरी सीडीआर३ नावाचा जो पट्टा प्रतिजनाला प्रत्यक्ष भिडतो तो भरपूर वेगवेगळा असतो, आणि संसर्गानंतर होणारी उत्परिवर्तनं त्यात आणखी भर घालतात.

हलक्या साखळीत मात्र सावध राहा. उंदरात सुमारे ९५ टक्के काप्पा, म्हणून उंदराच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये लॅम्डाकडे दुर्लक्ष केलेलं चालून जातं. डुकरात काप्पा आणि लॅम्डा जवळपास निम्मे-निम्मे. तोच प्रोटोकॉल जसाच्या तसा उचललात तर अर्धी लायब्ररी बांधायच्या आधीच गेली.

बांधणी थोडक्यात अशी. संसर्ग झालेल्या किंवा लस दिलेल्या डुकराचं रक्त, प्लीहा किंवा लसिकाग्रंथी घ्यायची. बूस्टरनंतर साधारण आठवड्याने रक्तात प्लाझ्माब्लास्ट भरपूर असतात, ती वेळ साधायची. आरएनए काढा, सीडीएनए करा, जड आणि हलक्या साखळीचे बदलते भाग पीसीआरने वाढवा आणि ग्लायसिन-सेरिनच्या १५ अमिनो आम्लांच्या लवचिक दुव्याने जोडा. याला एससीएफव्ही म्हणतात. तो फेजमिडमध्ये, पी-३ प्रथिनाच्या जनुकाला लागून बसवायचा आणि फेजमिड ई. कोलायमध्ये विजेच्या झटक्याने घुसवायचा. (प्राण्यांसाठीच्या नैतिकता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी या सगळ्याच्या आधी. कागदपत्रांना महिने जातात, ते पीएचडीच्या वेळापत्रकात धरा.)

लायब्ररीच्या आकाराचं गणित एकदा हाताने करून बघा. समजा तुमच्या नमुन्यात १ लाख वेगवेगळ्या जड साखळ्या आणि १ लाख हलक्या साखळ्या आहेत. त्यांच्या जोड्या झाल्या १,००० कोटी. ई. कोलायमध्ये तुम्ही यशस्वीपणे घुसवलेत समजा १० कोटी क्लोन. म्हणजे शक्य जोड्यांपैकी फार तर एक टक्का तुमच्या हातात. अडसर पीसीआरमध्ये नाही, त्या विजेच्या झटक्यात आहे. म्हणून अनुभवी लोक एकाच बैठकीत पन्नासेक वेळा इलेक्ट्रोपोरेशन करताना दिसतात. आणि मुख्य म्हणजे बी पेशीत जी जोडी निसर्गाने जुळवली होती ती इथे मोडली आहे. जी जोडी शेवटी मिळेल ती डुकराच्या शरीरात होती याची खात्री नाही. ती चांगली चिकटेल, पण 'डुकराने असा प्रतिसाद दिला' हे वाक्य तिच्या जोरावर लिहिता येणार नाही. तुमचा प्रश्नच मुळात हा असेल तर एकेक बी पेशी वेगळी काढून तिची दोन्ही जनुकं वाचण्याची पद्धत निवडा. प्रश्न आधी, तंत्र नंतर.

निवडीला पॅनिंग म्हणतात. सराफ कट्ट्यावरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आठवा, अगदी तेच काम. नळीला प्रतिजन चिकटवा, मोकळी जागा दुधाच्या भुकटीच्या द्रावणाने भरून टाका, फेज ओता, धुवा, चिकटलेले सोडवा, ई. कोलायमध्ये वाढवा, पुन्हा ओता. अशा तीन-चार फेऱ्या.

पहिल्या फेरीतच बहुतेकांचं सोनं मातीबरोबर वाहून जातं. कारण पाहा. नळीत फेज ओतलेत समजा १ लाख कोटी. लायब्ररी १० कोटींची, म्हणजे प्रत्येक क्लोनच्या सरासरी १०,००० प्रती. बऱ्याच वाटतात ना? पण फेजमिड पद्धतीत मदतनीस फेजचं साधं पी-३ देखील आवरणात शिरतं, त्यामुळे बहुतेक फेजच्या अंगावर अँटिबॉडीचा तुकडा नसतोच. शंभरात एकावर असेल असं धरलं तर तुमच्या हव्या त्या क्लोनच्या कामाच्या प्रती उरल्या १००. त्यातल्या काही चिकटणार नाहीत, काही धुण्यात जातील. म्हणून पहिल्या फेरीत हात हलका ठेवायचा, कडक धुणं पुढच्या फेऱ्यांसाठी. आणि सोडवलेले फेज ज्या ई. कोलायला द्यायचे त्या पेशी ३७ अंशांवर ऐन वाढीच्या टप्प्यात हव्यात. फेज आत शिरतो तो पेशीवरच्या एफ पिलस नावाच्या केसासारख्या भागातून, आणि थंड किंवा म्हाताऱ्या कल्चरमध्ये तो नीट नसतो. इतकी मेहनत करून फेज मिळवायचे आणि त्यांना दार न उघडणाऱ्या पेशी द्यायच्या, असं होऊ देऊ नका.

दुसरी फसगत म्हणजे चुकीचं सोनं. फेऱ्यांगणिक आकडा वाढला की आनंद होतो, पण काही फेज प्लास्टिकला चिकटतात, काही दुधाला, आणि काही तर कशालाच नाही. त्यांच्यातला एससीएफव्ही गळून पडलेला असतो, ओझं कमी म्हणून ते भराभर वाढतात. म्हणून प्रत्येक फेरीत प्रतिजन नसलेली एक नळी सोबत चालवा. दोन्हीकडचा आकडा सारखाच वाढत असेल तर तुम्ही प्लास्टिकविरुद्धची अँटिबॉडी शोधताय. शिवाय हिमॅग्लुटिनिन प्लास्टिकवर चिकटताना त्याचा आकार बिघडू शकतो. मग बिघडलेल्या आकाराला पकडणारे क्लोन निवडले जातात आणि खऱ्या विषाणूसमोर ते ढिम्म. प्रतिजनाला बायोटिन लावून द्रावणातच फेजला भेटवणं आणि मग चुंबकीय मण्यांनी ओढून घेणं, हा त्यावरचा चांगला उपाय.

एलायझात चमकलेले क्लोन सीक्वेन्स करताना आणखी एक बारकी गोष्ट बघायची: जनुकाच्या मधोमध टीएजी. टीजी१ सारखे जिवाणू या थांब्याला बऱ्याचदा न जुमानता तिथे ग्लुटामिन बसवून पुढे जातात, त्यामुळे फेजवर सगळं ठीक दिसतं. तोच क्लोन सस्तन पेशीत नेलात की अँटिबॉडी अर्ध्यावर तुटते. दुरुस्ती सोपी आहे, टीएजीच्या जागी ग्लुटामिनचा कोडॉन, पण आधी दिसलं पाहिजे.

मग शेवटचा टप्पा, ज्यासाठी हा खटाटोप. निवडलेल्या तुकड्याला डुकराचा दांडा जोडून पूर्ण आयजीजी बनवायची. दांडा कुठला? डुकरात आयजीजीचे किमान सहा उपप्रकार आहेत आणि पांढऱ्या पेशींना बोलावण्याची त्यांची ताकद सारखी नाही. 'आयजीजी१ घेतला, कारण सगळे घेतात' हे उत्तर समितीसमोर टिकत नाही. तुमच्या विषाणूला कुठला मारा लागतो त्यावरून ठरवा. एचईके२९३ पेशींत अँटिबॉडी बनवली, शुद्ध केली, की खरी परीक्षा: विषाणूला पेशीत शिरण्यापासून ती अडवते का? चिकटणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पॅनिंगमध्ये तुम्ही फक्त चिकटणं निवडलंय. एलायझात पहिला आलेला क्लोन इथे नापास होणं रोजचं आहे. म्हणून एकाच क्लोनवर जीव लावू नका, वेगवेगळ्या सीडीआर३ चे दहा-बारा तरी पुढे न्या.

अँटिबॉडी तयार झाली म्हणजे डुक्करपालकाला तिचा लगेच उपयोग होईल, असं मात्र नाही. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला तेव्हा घरामागे दोन-चार डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांची जमापुंजी गेली. तिथे एका डुकरामागे मोनोक्लोनलचं इंजेक्शन परवडणारं नाही, आणि त्या विषाणूला अँटिबॉडी कितपत रोखते हाच वादाचा विषय आहे. आज या अँटिबॉडींचा उपयोग आहे तो लसीचा नेमका निशाणा शोधायला, आणि माणसासाठीच्या उपचाराची डुकरात प्रामाणिक तपासणी करायला. लायब्ररीची कुपी उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षं टिकते. त्याच डुकराची तीच लायब्ररी उद्या फ्लूच्या दुसऱ्या प्रकारावर पुन्हा पाखडता येते, डुकराला हात न लावता. तेव्हा कुपीवर तारीख, डुकराचा क्रमांक, लस कुठली आणि क्लोनची संख्या किती, एवढं नीट लिहून ठेवा.