ड्रॅगन मरेना, रात्र सरेना!

टेबलावरच्या लढाईत जान कशी आणायची? सूसच्या एका हॉलमध्ये ठेच लागून शिकलेला फंडा.

शनिवारची रात्र. सूसमधला एक फ्लॅट. हिंजवडी, बाणेर, बावधनच्या ऑफिसांत आठवडाभर पिळून निघालेले आम्ही सहा जण जेवणाच्या टेबलाभोवती बसलोय. मध्ये चौकटीच्या कागदावर काढलेली गुहा. शेंगदाणे म्हणजे गॉब्लिन आणि बाटलीचं झाकण म्हणजे त्यांचा सरदार. खेळ अर्थातच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'.

पावणेनऊला लढाई सुरू झाली. सव्वाअकरा वाजले तरी सरदार पडायचं नाव घेईना! आमची चेटकीण (दिवसा सॉफ्टवेअर टेस्टर) मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. धनुर्धाऱ्याने तर मेलेले चार गॉब्लिन खाऊनही टाकले. निघताना चेटकीण म्हणाली, "अरे, दिवसभर मीटिंगमध्ये माझा नंबर कधी येतो याची वाट बघते. इथे येऊनही तेच करायचं?"

पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. आणि त्या रात्रीचा सूत्रधार होतो मी. घ्या!

आधी थोडं बेसिक

हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी बाजारात आणला. एक जण सूत्रधार, म्हणजे डन्जन मास्टर. तो गोष्ट रचतो, राक्षस चालवतो. बाकीचे एकेक पात्र होतात. वार लागला की चुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येकाला 'हिट पॉइंट्स' असतात. ते संपले की गडी आडवा. सोपं आहे ना? मग घोडं अडतं कुठे?

हिशेबात वाट लागते

मी चक्क एक्सेल उघडलं. पाच खेळाडू, प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्या राक्षसांना पाच. म्हणजे एक फेरी वीस मिनिटांची. तुमचा डाव झाला की पुढची सतरा मिनिटं तुम्ही प्रेक्षक! अशा सात फेऱ्या झाल्या की दोन तास वीस मिनिटं गेलीच.

दुसरा शोध जास्त लाजिरवाणा होता. लढाईचा निकाल तिसऱ्या फेरीतच लागला होता. सरदार एकटा उरला होता, हरणार हे सगळ्यांना दिसत होतं. उरलेल्या चार फेऱ्या म्हणजे निव्वळ हमाली. लढाई 'अवघड' व्हावी म्हणून मी सरदाराचे हिट पॉइंट्स दुप्पट केले होते. त्याने ती अवघड झाली नाही, फक्त लांबली. लांब आणि अवघड यांत फरक आहे, बॉस!

याचं उत्तर उलट्या दिशेला आहे. राक्षसाचे हिट पॉइंट्स निम्मे करा आणि त्याचा मार दुप्पट. धोका साधारण तेवढाच राहतो, वेळ निम्मा लागतो. २००८ मध्ये आलेल्या या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत लढाया फार रेंगाळायच्या, तेव्हा अनेक सूत्रधारांनी हाच उपाय केला होता.

पळणारा शत्रूही चालतो

शेवटच्या गॉब्लिनने मरेपर्यंत का लढावं? १९८१ च्या 'बेसिक' संचात यासाठी मनोधैर्याचा नियम होता. पहिला साथीदार पडला किंवा निम्मी टोळी गारद झाली, की सूत्रधार दोन फासे टाकायचा. आकडा त्यांच्या धैर्यापेक्षा जास्त आला, की टोळी पळाली किंवा शरण आली. लढाई खल्लास, गोष्ट चालू!

२०१३ च्या 'थर्टीन्थ एज' या खेळाने आणखी मस्त युक्ती काढली. दुसऱ्या फेरीपासून टेबलावर एक फासा ठेवायचा आणि दर फेरीला त्याचा आकडा एकने वाढवायचा, सहापर्यंत. तेवढे गुण नायकांच्या हल्ल्यात मिळवायचे. लढाई पुढे जाते तशी ती आपोआप वेग घेते. प्रो कबड्डी पाहिली असेल, तर 'डू ऑर डाय' रेड आठवा. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर रेडर बाद. टाइमपास बंद!

खिंड कशासाठी लढवायची?

खरा दिवा पेटला तो ऑफिसातून परतताना, सूस खिंडीच्या ट्रॅफिकमध्ये. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभू का उभे राहिले? समोरचा प्रत्येक सैनिक मारायला नव्हे. शिवाजी महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ मिळवायला. तोफांचा आवाज येईपर्यंत खिंड अडवायची, बस्स. ते शौर्य खेळातलं नव्हतं, पण सूत्रधाराने त्यातून शिकावं. लढाईला हेतू हवा आणि घड्याळही हवं. मग दर फेरीला प्रश्न बदलतो, आणि आपला नंबर नसतानाही माणूस मान वर करून बघतो.

आव्हानाचंही तसंच. २०१४ च्या सूत्रधारांच्या पुस्तकाने धरलं होतं, की नायकांची टोळी खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड चकमकी झेलेल. आम्ही शनिवारी एकच लढाई करायचो. साहजिकच सगळे पहिल्याच फेरीत सगळे मंत्र उधळायचे. उद्यासाठी काही राखायचंच नसेल, तर निर्णय कसला?

आणि मग...

मी चेटकिणीला फोन केला. "अगं, एकदाच ये. लढाई तासाभरात संपवली नाही, तर पिझ्झा माझ्याकडून."

ती आली. गावकरी पूल ओलांडेपर्यंत पाच फेऱ्या पूल राखायचा होता. चौथ्या फेरीत धनुर्धारी कोसळला. चेटकिणीकडे एकच मंत्र उरला होता. त्याला वाचवायचं, की पूल पाडायचा? अर्धे गावकरी अजून पुलावर. टेबल चिडीचूप. एकाही शेंगदाण्याला कुणी हात लावला नाही.

तिने धनुर्धाऱ्याला वाचवलं. पूल गेला शत्रूच्या हातात, मागे राहिलेल्या गावकऱ्यांसकट. पन्नास मिनिटांत आम्ही सपशेल हरलो.

पिझ्झा वाचला. आणि दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी त्यांना सोडवायला जायचंय. उशीर करू नका!"

शनिवारआधी एवढं कराच

- 'सगळ्यांना मारा' याखेरीज लढाईला एक हेतू द्या.
- किती फेऱ्यांनी काय होणार, ते आधीच सांगा.
- पुढचा नंबर कुणाचा, ते पुकारा. त्याने तयार राहायचं.
- निकाल दिसला की फासे खाली ठेवा. उरलेलं दोन वाक्यांत सांगा.