रेघ वर आहे की खाली?

‘या रुपयावर टाकसाळीची चूक आहे, लाखाला जाईल!’ असा फॉरवर्ड तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. मग वीकेंडला गावी गेलं की आजीच्या जुन्या नाण्यांची पुरचुंडी खुणावायला लागते. बॉस, पुरचुंडी जरूर सोडा, पण आधी थोडा फंडा क्लिअर करून घ्या.

वालूर हे माझं आजोळ. परभणी जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं, बारवांचं गाव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्यामुळे मावशीच्या डब्यात राणीछापपेक्षा चारमिनारवाले हाली रुपयेच जास्त. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा. तेव्हा ‘वजन कमी भरतंय, नक्की एरर!’ म्हणत नाचण्याआधी नाणं कुणाचं ते बघा. चारमिनारच्या कमानीतलं ते बारीक वळण हाही ओरखडा नव्हे. मेहबूब अलींच्या नाण्यावर तिथे ‘मीम’ आहे, उस्मान अलींच्या नाण्यावर ‘ऐन’. दोघांच्या नावांची पहिली अक्षरं!

आता मुद्द्याचं. नाणं साच्यातून निघतं. साचा तडकला तर धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावरची रेघ उठून येते. नंतर कुणी खरवडलं तर रेघ खोल जाते. दहापट दाखवणारं भिंग घ्या, नाणं उजेडात तिरकं धरा आणि एवढंच विचारा, रेघ वर आहे की खाली? डब्यातल्या निम्म्या ‘चुका’ इथेच गळतात.

अपवाद म्हणजे संग्राहकांची लाडकी ‘लाखी’. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहतं, पुढची चकती त्यावर दाबली जाते. मग एका बाजूला चित्र खोल आणि आरशातल्यासारखं उलटं उमटतं, दुसरी बाजू मात्र ठीकठाक. नकली लाखी शिकंज्यात दोन नाणी दाबून करतात. पण त्या खोल ठशाखाली मूळ चित्राचे अवशेष उरतात, तिथेच बिंग फुटतं.

काठ तुटका असेल तर बरोबर समोरचा काठ बघा. चकतीच अर्धवट कापली गेली असेल तर समोरचा काठ बहुधा फिका उठतो. कानस मारलेल्या नाण्याचा समोरचा काठ मस्त ठणठणीत असतो. हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांना, अगदी शिवराईलासुद्धा, हे नियम लावू नका. त्यांच्यावर ठसा सरकणं ही रोजचीच गोष्ट होती. भोकाचा पैसा आठवतोय? १९४३ ते १९४७ च्या त्या पैशाला भोक असायचंच. नसेल, तर मात्र जरा थांबून बघा.

मावसभावाला ज्या रुपयाची सगळ्यात आशा होती, त्याच्या वरच्या काठावर एक फुगवटा होता. धातू वर आलेला, म्हणजे एररच ना? भिंगाखाली तो फुगवटा चांदीपेक्षा पिवळसर दिसला आणि काठावरच्या रेघा त्याने बुजवल्या होत्या. डाग होता तो. पणजीच्या माळेची कडी तिथे जोडलेली होती, कुणीतरी अडचणीत काढून घेतलेली. दुसऱ्या एका रुपयावर छिन्नीची खूण. चांदी अस्सल आहे ना, हे बघायला सराफ अशा खुणा करायचे. संग्राहकाच्या भाषेत दोन्ही नाणी ‘डॅमेज्ड’. आमच्या घरात तीच सगळ्यात जास्त हातोहात फिरली, ही गोष्ट वेगळी.

त्या कडीवाल्या रुपयाला ऑनलाइन एकाने दोन लाख सांगितले होते. फक्त आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ भरायची! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच प्रकारांबद्दल सावध केलं होतं. आपण अशा व्यवहारात नसतो आणि कुणाला आपल्या नावाने फी घ्यायला नेमलेलंही नाही, असं बँकेने स्पष्ट सांगितलं होतं. भावाने पैसे भरले नाहीत. त्या रुपयात नऊ ग्रॅमच्या वर चांदी आहे, तेवढी किंमत तर कुठे जात नाही.

आणि हो, चिंच लावून घासू नका प्लीज! जुनी झिलई गेली की खऱ्या एररचाही भाव पडतो. आमच्या डब्यात अशी खरी रेघ एकाच तांब्याच्या पैशावर निघाली, काठापासून अक्षरांपर्यंत उठलेली. साचा तडकल्याची. अशा भेगा बऱ्याच सापडतात, त्यामुळे भाव बेताचाच. मावशीने तो कागदात गुंडाळून वेगळा ठेवलाय.